रुग्णालयांची उलाढाल आणि देशाची मिळकत

पुण्यात नवे रुग्णालय उभे राहिले की उद्घाटनाच्या भाषणांत तीन गोष्टी हमखास सांगितल्या जातात: खाटांची संख्या, गुंतवणुकीचा आकडा आणि निर्माण होणारा रोजगार. विद्येचे माहेरघर, मोटारींचे आणि संगणकक्षेत्राचे शहर या ओळखींच्या जोडीला वैद्यकीय सेवांचे केंद्र ही ओळखही शहराने आता अभिमानाने स्वीकारली आहे. हा अभिमान निराधार नाही. ससून १८६७ मध्ये सुरू झाले, केईएम १९१२ मध्ये, जहांगीर १९४६ मध्ये, रूबी हॉल १९५९ मध्ये आणि दीनानाथ मंगेशकर रुग्णालय २००१ मध्ये. दीडशे वर्षांच्या या परंपरेमुळे अर्धा पश्चिम महाराष्ट्र आजारपणात पुण्याची वाट धरतो. परंतु देशाच्या अर्थव्यवस्थेतील रुग्णालयांचे स्थान त्या तीन आकड्यांनी मोजता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. आजारी पडलेली किती कमावती माणसे रुग्णालयाने वेळेत कामावर परत पाठवली, आणि ते करताना किती कुटुंबांची बचत शाबूत राहिली, हा त्याच्या राष्ट्रीय योगदानाचा खरा हिशेब आहे. हा हिशेब कोणी मांडत नसल्यामुळेच आरोग्यावरचा सरकारी खर्च अंदाजपत्रकात दानधर्मासारखा वागवला जातो आणि खासगी रुग्णालयाची वाढती उलाढाल प्रगतीच्या रकान्यात जाते.

उलाढालीच्या बाजूने जे म्हणता येते ते आधी मान्य केले पाहिजे. रुग्णालय हा माणसांच्या बळावर चालणारा व्यवसाय आहे. चाकणच्या कारखान्यात यंत्रमानव आले की जोडणीच्या साखळीवरची माणसे कमी होतात; अतिदक्षता विभागात नवे यंत्र आले तर ते चालवणारा तंत्रज्ञ वाढतो आणि परिचारिका पूर्वीइतक्याच लागतात. डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांच्यामागे वॉर्डबॉय, मावश्या, सफाई कामगार, सुरक्षारक्षक, रुग्णवाहिकेचे चालक, धुलाई आणि उपाहारगृहातली माणसे अशी मोठी फळी असते. ससूनच्या किंवा रास्ता पेठेत केईएमच्या भोवतीचे रस्ते पाहिले तरी औषधांची दुकाने, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळा, खानावळी आणि लॉज यांचा केवढा पसारा एका रुग्णालयाच्या आधाराने जगतो हे दिसते. त्यातही स्त्रियांच्या रोजगाराचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. लातूर किंवा सोलापूरकडून नर्सिंग शिकून आलेल्या मुलीला या शहरात स्वतःच्या नावाचा पगार आणि समाजात मान देणारी क्षेत्रे फार नाहीत, आणि रुग्णालय हे त्यांपैकी सर्वांत मोठ्या क्षेत्रांमध्ये मोडते. परदेशातून उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांमुळे परकीय चलन मिळते हेही खरे. मात्र त्याच वेळी रुग्णालयांतील महागडी उपकरणे बहुतांशी आयात होतात, त्यामुळे या जमेच्या बाजूला खर्चाची बाजूही आहे.

एवढे मान्य केल्यावर २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात काय घडले ते आठवावे. किरकटवाडी, नांदेड, खडकवासला या महापालिकेत नव्याने आलेल्या गावांमध्ये आणि त्यांच्या आसपास गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले आणि काही आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. हातापायांतील ताकद जाऊन श्वसनाचे स्नायूही निकामी करू शकणारा हा आजार. काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि दूषित पाण्याकडे बोट गेले. ही गावे २०२१ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली होती; शहराच्या जुन्या भागाला मिळते तसे शुद्धीकरण प्रकल्पातून गेलेले पाणी मात्र तेथे सर्वांपर्यंत पोहोचलेले नव्हते. या आजारावरचे इम्युनोग्लोब्युलिनचे एक इंजेक्शन हजारो रुपयांचे, अशी अनेक इंजेक्शने एका रुग्णाला लागतात, आणि कृत्रिम श्वसनयंत्रावर आठवडे काढावे लागले तर बिल लाखांच्या घरात सहज जाते. राज्य सरकारला आणि दोन्ही महापालिकांना या रुग्णांच्या मोफत उपचारांची सोय जाहीर करावी लागली, ती याच कारणाने.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या प्रसंगाची नोंद कशी होते? इंजेक्शने विकली गेली, अतिदक्षता विभागातील खाटा भरल्या, तपासण्या झाल्या, आणि या प्रत्येक व्यवहाराने शहराच्या उत्पन्नात भर पडली. नळाला शुद्ध पाणी आले असते तर ही भर पडली नसती. रुग्णांचे बुडालेले रोजगार आणि खाटेपाशी बसून राहिलेल्या नातेवाइकांचे बुडालेले दिवस या हिशेबात वेगळे दिसतच नाहीत. रुग्णालयांनी त्या दिवसांत जीव वाचवले, त्यांच्या कामाविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. परंतु त्या महिन्यात रुग्णालयांतील उलाढाल वाढली याचा अर्थ पुणे अधिक संपन्न झाले असा लावता येणार नाही. अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाचा १७ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्च करते, जपान त्याहून बराच कमी करतो, आणि तरीही जपानी माणसाचे सरासरी आयुर्मान अमेरिकन माणसापेक्षा काही वर्षांनी अधिक आहे. खर्चाचा आकडा आरोग्याचा पुरावा ठरत नाही, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

आता हा पैसा कोणाच्या खिशातून येतो ते पाहू. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, बाळंतपणे वगळता एकदा रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये आढळला. यात बुडालेली मजुरी धरलेली नाही. तळेगाव किंवा रांजणगावच्या कारखान्यातील कंत्राटी कामगाराच्या दृष्टीने खासगी रुग्णालयातले ते एक दाखल होणे म्हणजे साधारण दोन महिन्यांची कमाई. त्याच पाहणीनुसार ग्रामीण भागातील जवळपास ८० टक्के कुटुंबांनी हा खर्च मुख्यतः बचतीतून वा मिळकतीतून भागवला आणि १३ टक्क्यांहून अधिक कुटुंबांनी कर्ज काढले. पतसंस्थेत गहाण पडलेले मंगळसूत्र, मोडलेली मुदत ठेव, पुढच्या वर्षावर ढकललेला मुलीचा अभियांत्रिकीचा प्रवेश हे सगळे त्या टक्क्यांच्या आत आहे. रुग्णालयाच्या जमाखर्चात जे उत्पन्न दिसते त्याचा मोठा भाग दुसऱ्या बाजूला एखाद्या घराच्या भांडवलाची घट असतो, आणि त्या भांडवलातून जे शिक्षण, जे दुकान किंवा शेतातली जी ठिबक संचाची सोय उभी राहिली असती ती राहत नाही. देशाच्या दृष्टीने हा निव्वळ लाभ नाही, पुष्कळदा तो तोटाच आहे.

याहून न दिसणारा परिणाम भीतीचा आहे, आणि त्याकडे अर्थतज्ज्ञांचेही पुरेसे लक्ष जात नाही. जे आजारी पडलेले नाहीत तेही आजारपणाच्या धास्तीची किंमत रोज मोजत असतात. मध्यमवर्गीय कुटुंब 'दवाखान्यासाठी हाताशी असावेत' म्हणून पैसे बचत खात्यात पाडून ठेवते. हिंजवडीतला अभियंता स्वतःचा उद्योग सुरू करण्याची इच्छा दाबून टाकतो, कारण नोकरी सोडली तर कंपनीच्या सामूहिक मेडिक्लेममधून आईवडिलांचे संरक्षण जाईल आणि सत्तरीकडे झुकलेल्या मधुमेही वडिलांना नवी पॉलिसी परवडेल अशा हप्त्यात मिळणे कठीण असते. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान भारत योजनेत घेण्याचा २०२४ चा निर्णय म्हणूनच मला केवळ कल्याणकारी वाटत नाही. त्याची अंमलबजावणी शहरातल्या चांगल्या रुग्णालयांपर्यंत खरोखर पोहोचली तर तो उद्योजकतेला चालना देणारा निर्णय ठरेल. राज्यातील महात्मा फुले जनआरोग्य योजनाही आता सर्व कुटुंबांसाठी पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देते. प्रश्न आहे तो प्रत्येक उपचारासाठी योजनेने ठरवलेले पॅकेजचे दर, रुग्णालयांना ते पैसे वेळेवर मिळणे आणि योजनेत येण्यास मोठ्या खासगी रुग्णालयांची असलेली नाखुशी यांचा.

परिस्थिती सुधारते आहे हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. याच काळात सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला. ज्या वर्षांत सरकारने हात मोकळा केला त्याच वर्षांत कुटुंबांवरचा भार उतरला, ही माझ्या मते योगायोगाची गोष्ट नाही. मात्र २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते, आणि थायलंडने २००२ मध्ये सर्वांसाठी आरोग्य संरक्षण आणल्यानंतर तेथील खिशातून होणारा खर्च दहा टक्क्यांच्या आसपास आला, हे पाहिले तर ३९ टक्क्यांवर समाधान मानता येत नाही.

यावर असे म्हटले जाईल की रुग्णालयांमध्ये स्पर्धा वाढू द्या, दर आपोआप खाली येतील. इतर व्यवसायांत हे खरे ठरते. वैद्यकीय सेवेत ते का ठरत नाही याचे विवेचन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच केले आहे: काय हवे, किती हवे आणि मिळाले ते योग्य होते का, यांपैकी काहीच रुग्णाला स्वतः ठरवता येत नाही; जो विकतो तोच सल्लाही देतो. आरोग्यसेवांचे अभ्यासक मिल्टन रोमर यांनी त्याच सुमारास दाखवले की उभारलेली खाट भरली जातेच. आपल्याकडे याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सरकारी रुग्णालयांतील १४.३ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे आढळले, तर खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के. गुंतागुंतीच्या बाळंतिणी खासगीकडे अधिक जात असतील असे गृहीत धरले तरी एवढी तफावत त्याने भरून निघत नाही. उलट, २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली आणि औषधयुक्त स्टेंट २९,६०० रुपयांवर आणला, तेव्हा एका आदेशाने जे साधले ते कित्येक वर्षांच्या स्पर्धेने साधले नव्हते.

शिवाय रुग्णालयांची मालकी बदलते आहे. रुग्णालय क्षेत्रात २००० पासून शंभर टक्के थेट परकीय गुंतवणुकीला मुभा आहे. २०२२ मध्ये पुण्यातील सह्याद्री रुग्णालय समूहाची बहुसंख्य मालकी कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीकडे गेली आणि २०२५ मध्ये मणिपाल समूहाने तो विकत घेण्याचा करार केला. यात बेकायदा काही नाही, आणि अशा भांडवलातून चांगली यंत्रसामग्री व शिस्तही येऊ शकते. पण ज्या गुंतवणुकीला ठरावीक वर्षांत ठरावीक परतावा द्यायचा आहे तिला भरलेल्या खाटा लागतात, ही त्या भांडवलाची प्रकृतीच आहे. राष्ट्राची गरज नेमकी उलट आहे. त्याला काही खाटा रिकाम्या हव्या असतात.

हा मुद्दा थोडा विस्ताराने मांडतो, कारण माझ्या मते संपूर्ण विषयाचा गाभा यात आहे. महाराष्ट्रातील कोरोनाचे पहिले दोन रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात निष्पन्न झाले आणि त्यांना डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयात ठेवण्यात आले. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीतही संशयित रुग्णांच्या रांगा याच रुग्णालयात लागल्या होत्या. एरवी वर्षानुवर्षे शांत असणारे हे महापालिकेचे रुग्णालय कोणत्याही हिशेबतपासनिसाला तोट्यातलेच वाटले असते. खाटा रिकाम्या, कर्मचाऱ्यांचे पगार चालू, उत्पन्न नगण्य. तरीही त्या दिवशी शहराला त्याचीच गरज पडली. त्यानंतर जी देशव्यापी टाळेबंदी झाली तिचे एक प्रमुख कारण असे सांगितले गेले की रुग्णालयांना सज्ज व्हायला वेळ मिळावा. त्या तिमाहीत देशाचे उत्पन्न पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटले. साऱ्या घटीचे खापर खाटांच्या टंचाईवर फोडणे योग्य होणार नाही, परंतु खाटा, प्राणवायूची सोय आणि प्रशिक्षित परिचारिका पुरेशा असत्या तर टाळेबंदी इतकी कठोर आणि इतकी लांब ठेवावी लागली नसती, हे म्हणायला मला संकोच वाटत नाही. वर्षभर राखीव ठेवलेल्या खाटेचा खर्च आणि बंद पडलेल्या पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याचा एका दिवसाचा तोटा यांची तुलना कोणी केली, तर रिकाम्या खाटेला उधळपट्टी म्हणणे थांबेल. अशी राखीव क्षमता नफ्यासाठी चालणारी संस्था बाळगू शकत नाही, आणि तशी अपेक्षा तिच्याकडून ठेवणेही अन्यायाचे आहे. ती सार्वजनिक पैशातूनच उभी राहते, जशी धरणातली राखीव पाण्याची पातळी राहते.

ससूनकडे याच नजरेने पाहावे असे मला वाटते. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या रुग्णालयात आज तेराशेच्या आसपास खाटा आहेत, आणि दौंड, सातारा, करमाळ्यापासून अहिल्यानगरपर्यंतचे रुग्ण तेथे येतात. त्याला जोडून असलेल्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले डॉक्टर या शहरातल्या जवळपास प्रत्येक नामांकित खासगी रुग्णालयात काम करतात. म्हणजे खासगी क्षेत्राची जी भरभराट आपण मिरवतो तिचा कच्चा माल सार्वजनिक पैशातून घडतो, पण त्या घडवण्याची किंमत कोणत्याही ताळेबंदात येत नाही. दुसरीकडे ससूनमधील रिक्त पदे, एका खाटेवर ताटकळणारे दोन रुग्ण आणि बाहेरून आणायला सांगितली जाणारी औषधे यांच्या बातम्या येत राहतात, तेव्हा चर्चा केवळ गैरव्यवस्थेची होते. परिचारिकेचे एक पद वर्षभर रिक्त ठेवून वाचलेला पगार त्या वॉर्डमधील रुग्णांच्या लांबलेल्या मुक्कामातून आणि त्यांच्या बुडालेल्या मजुरीतून कितीतरी पट वसूल होतो, हे अर्थखात्याला दाखवून देणारे कोणी नसते.

धर्मादाय रुग्णालयांचा प्रश्नही येथेच येतो. विश्वस्त संस्था म्हणून करांत, आणि अनेक ठिकाणी जमीन व बांधकामातही, त्यांना मिळालेल्या सवलती म्हणजे जनतेची गुंतवणूक आहे. तिच्या बदल्यात, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत देणे बंधनकारक आहे. याकडे उपकार म्हणून पाहिले की अंमलबजावणी सैल होते. जनतेच्या गुंतवणुकीवरचा परतावा म्हणून पाहिले की दर महिन्याला किती खाटा दिल्या, निधीत किती शिल्लक आहे आणि ती का पडून आहे, हे विचारण्याचा अधिकार स्वच्छपणे समोर येतो.

कामगार राज्य विमा योजना ही तर माझ्या म्हणण्याची जुनी साक्षच आहे. १९४८ च्या कायद्याने उपचार आणि बुडालेले वेतन ही दोन्ही नुकसाने एकाच योजनेत धरली: आजही २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला आजारपणाच्या रजेत ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळू शकते. इतक्या पूर्वी ज्यांनी हा विचार केला त्यांना रुग्णालय हे उत्पादनव्यवस्थेचा भाग आहे हे नीट कळले होते. दुर्दैवाने पुण्याचे कारखाने चाकण, रांजणगाव, तळेगावकडे सरकले आणि योजनेची मोठी रुग्णालये बिबवेवाडी आणि चिंचवडच्या मोहननगरात राहिली. वर्गणी पगारातून दरमहा कापली जाते; ताप आला की कामगार मात्र कारखान्याजवळच्या खासगी दवाखान्यात पैसे मोजतो, कारण त्या रुग्णालयापर्यंत जाऊन येण्यात दिवसाची मजुरी जाते. नवी औद्योगिक वसाहत मंजूर करताना रस्ता, वीज आणि पाण्याबरोबर रुग्णालयही तिच्या आराखड्यात का असू नये?

म्हणून माझी मागणी साधी आणि मोजता येण्याजोगी आहे. महापालिका दरवर्षी शहराचा पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल काढते, तसाच शहराचा आरोग्यलेखा काढावा. सरकारी, धर्मादाय आणि खासगी रुग्णालयांत मिळून किती खाटा आहेत आणि त्यांतील किती राखीव आहेत, कोणत्या आजारांनी किती कामाचे दिवस बुडाले, खर्चाचा किती भाग विम्यातून, किती सरकारी योजनांतून आणि किती कर्जातून भागला, दूषित पाणी, डेंगी आणि रस्त्यांवरचे अपघात अशा टाळता येण्याजोग्या कारणांमुळे किती रुग्ण दाखल झाले, हे त्यात असावे. हे काम पुण्याला अशक्य नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली १९३० च्या दशकातच या शहरातील कुटुंबांची आर्थिक-सामाजिक पाहणी केली होती, डॉ. बानू कोयाजींच्या पुढाकाराने केईएमने वढू परिसरातील खेड्यांत जे काम उभे केले, त्यातून तेथील जन्म, मृत्यू आणि आजारांची नोंद सातत्याने ठेवली जाते. पद्धती ठाऊक आहे, माणसे आहेत, आणि धर्मादाय आयुक्त, कामगार राज्य विमा महामंडळ व जनआरोग्य योजना यांच्याकडे माहितीचा मोठा साठा आधीच आहे. तो एकत्र करण्याचा आदेश तेवढा हवा. आयुक्त पुढील वर्षाचे अंदाजपत्रक मांडतील त्याआधी या लेख्याचे निदान एक पान तयार व्हावे: २०२१ मध्ये हद्दीत आलेल्या गावांना शुद्ध पाणी देण्याचा खर्च एका रकान्यात आणि जीबीएसच्या रुग्णांवर महापालिकेने, शासनाने व कुटुंबांनी केलेला खर्च दुसऱ्या रकान्यात.